सगळ्यांना हातमोजे

रेणापूरजवळच्या एका उपकेंद्रात नर्सबाई गावातल्या बायांना उघड्या हातानं तपासायच्या. भीमनगरातली बाई आली की तेवढे हातमोजे चढवायच्या. तिथल्या बुद्धप्रियानं तपासणीला जाणंच सोडलं. "पोटात लेकरू हाय माझ्या, घाण न्हाई," म्हणाली.

तिची नणंद धम्मप्रिया गावची आशाताई. तीन महिने अर्ज घेऊन तिनं तालुक्याला खेटे घातले, तेव्हा कुठं साहेबांनी आदेश काढला : तपासताना सगळ्यांनाच हातमोजे.

भावजयीला समजावून ती घेऊन आली. टेबलावर हातमोज्यांचे दोन कोरे करकरीत खोके. एकावर लिहिलेलं 'गाव', दुसऱ्यावर 'भीमनगर'.

"बाई, एकदा घालून फेकायची वस्तू ही. दोन खोके कशाला?" धम्मप्रियानं विचारलं.

"लई खोड्या काढता बाई तुम्ही! सगळ्यांना पाहिजे होते ना हातमोजे? मिळाले की."

नर्सबाईंनी दुसऱ्या खोक्यातला जोड चढवला, बुद्धप्रियाचं पोट चाचपलं, हातमोजे काढले आणि कोपऱ्यातल्या बादलीत टाकले.

बादल्याही दोन होत्या. त्यांच्यावरही तीच नावं होती.

दिवस बुद्धप्रियाला गेलेले होते. ओकारी धम्मप्रियाला आली.