शेजाऱ्याची भाकर

तबक पहिल्या बाकापाशी येताच शमुवेलने भाकरीचा तुकडा उचलला आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावापुढे धरला. या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर कुणी आपल्या हाताने खात नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायची, आणि ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याच शेजारी बसायचं, असा जुना रिवाज.

दोघा भावांच्या विहिरीवरच्या वादानंतर सुमंत आज पहिल्यांदाच उपासनेला आला होता. तो बाजूला येऊन बसला तेव्हा शमुवेलला गाण्याची ओळ आठवेना. मागच्या बाकावरची मावशी पुटपुटली होती, "जमलं बाई एकदाचं!"

सुमंतने तुकड्याकडे पाहिलं. "दादा, तुझ्या शेजारी बसेन, असा आईला शब्द दिला होता. बसलो. भाकर घेईन असं म्हणालो नव्हतो."

"तिच्यासाठी तरी घे रे."

"परवा माती दिली आपण तिला. आता कुणाला दाखवायचंय?" तो उठला आणि गाणं चालू असतानाच बाहेर गेला.

पाळकसाहेब स्वतः वेदीवरून खाली आले. त्यांनी तबकातला दुसरा तुकडा शमुवेलपुढे धरला. शमुवेलने नकारार्थी मान हलवली.

"तुमच्याशी माझं भांडण नाही, साहेब."

आशीर्वचन झालं. चपला शोधत, बोलत मंडळी बाहेर पडली. शमुवेल भावाचा तुकडा तळहातावर घेऊन बसून राहिला. तो त्याला खाता येत नव्हता, आणि टाकताही येत नव्हता.