वानवळा

पूर्णा गावात शेतांवर गोदामं उठत होती, तेव्हा मी तिथल्या शेतकरी बायकांना भाजीचा धंदा शिकवायला जायचे. पुतळाबाई घरापुरती भेंडी लावायच्या आणि जास्तीची वानवळा म्हणून शेजारी वाटायच्या. मी त्यांना तराजू दिला. "वानवळा बंद. कुणालाही भाजी मोजूनच द्यायची!" त्या शिकल्या. भेंडी रोज भिवंडीच्या बाजारात जाऊ लागली. काल मी त्यांना त्यांच्याच सत्काराचं आमंत्रण द्यायला गेले, तर त्यांनी तो तराजूच माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, ह्यो घेऊन जा." "का?" "शेजारची कौसल्या वारली. आजारात तिच्या तोंडाला चव न्हवती. मागच्या आठवड्यात आली, बोलली, 'पुतळे, तुझी भेंडी खावीशी वाटते.' मी पाव किलो मोजली. पारडं जरा जास्त खाली गेलं." त्या रिकाम्या पारड्यावरून हात फिरवत राहिल्या. "एक भेंडी मी तिच्यासमोर परत काढून घेतली."