राहिलेला माथा

वाट दाखवणारी पुढची दगडांची रास धुक्यात दिसेनाशी झाली, तसा आर्मंड थांबला.

"झालं. इथून मागे."

ल्युसील थांबली नाही. नवऱ्याला ओलांडून ती चार पावलं पुढे गेली, अंधारात भिंत शोधावी तसा हात पुढे करून उभी राहिली आणि परत आली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. बूट आपटत ती म्हणाली, "अर्धा तास. फार तर पाऊण. वर छप्पर आहे, शेगडी आहे, रॉजर पोरांना घेऊन बसलाय."

"म्हणूनच तर माणसं मरतात या डोंगरावर. वर छप्पर आहे म्हणून."

ते खरं होतं. पलीकडच्या अंगाने थेट माथ्यापर्यंत गाडीरस्ता होता आणि माथ्यावर उपाहारगृह. त्यांचा मुलगा रॉजर सकाळीच गाडीने वर गेला होता, सुनेच्या मांडीवर केक देऊन. न्यू हॅम्पशायरमधली चार हजार फुटांवरची सगळी शिखरं ल्युसील पायी चढली होती. हे एवढं राहिलं होतं. शेवटच्या शिखरावर घरच्यांनी केक घेऊन यायचं, ही इथली रीत. पुढच्या महिन्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर डोंगर नाही, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं.

"तुला काय जातंय परत फिरायला," ती म्हणाली. "तुझी सगळी कधीच झाली. मी खाली चार पोरांची नाकं पुसत होते तेव्हा."

"नाकं मीही पुसलीत."

"हो, रविवारी. चर्चच्या दारात. लोकांसमोर."

तिच्या खिशात फोन वाजला. वाऱ्याकडे पाठ करून तिने तो कानाला गच्च दाबला.

"आई, कुठे आहात?"

"आलोच."

"येऊ नका! वाऱ्यामुळे रस्ता बंद करताहेत. सगळ्यांना खाली पाठवताहेत, दाराला कुलूप लावताहेत. आम्ही निघालो."

"आणि केक?"

रॉजरचा आवाज उतरला. "पोरांना भूक लागली होती गं."

ल्युसीलने फोन खिशात टाकला. "बरंच झालं. गर्दी नको. माथ्यावरच्या दगडाला नुसता हात लावू आणि येऊ." असं म्हणून ती वळलीसुद्धा.

मागून पावलं येईनात. तिने पाहिलं. आर्मंड जाकिटाची चेन लावत होता. तो खालची दोन टोकं जुळवायचा, ती निसटायची, पुन्हा जुळवायचा. स्वतःच्याच बोटांकडे तो परक्याची बोटं बघावी तसा बघत होता. बुटांच्या कारखान्यात जन्मभर शिलाई केलेला माणूस. सुईत दोरा न बघता ओवायचा.

"थंडी वाजतेय?"

"नाही," तो म्हणाला. "मघाशी वाजत होती."

ल्युसील दोन ढांगांत त्याच्यापाशी आली. तिने चेन गळ्यापर्यंत ओढली, आपली लोकरी टोपी काढून त्याच्या टोपीवर बसवली, मेपल साखरेची वडी त्याच्या तोंडात कोंबली.

"चल खाली."

"तुझं राहिलं, ल्युसील."

"तोंड नको चालवू, पाय चालव."

ती पुढे झाली. मागून त्याने तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. उतरताना ती त्याला बोलतं ठेवत होती: नातवंडांची नावं सांग, शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची सांग. एक नात त्याने कुत्र्यांमध्ये घातली, ल्युसील खेकसली, तसा तो हसला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तरी प्रत्येक दगडांच्या राशीपाशी ती वळून वर बघतच होती. वर काहीही दिसत नव्हतं.

खुरटी झाडं सुरू झाली तिथे एक तरुण मुलगा आणि मुलगी वर येताना भेटली. अंगात सुती सदरे, भिजून चिकटलेले. पायांत कापडी बूट.

"अजून किती राहिलंय?" मुलाने विचारलं.

"परत फिरा," आर्मंड म्हणाला.

मुलगा अदबीने हसला. "तुम्ही अर्ध्यातूनच फिरलात वाटतं, आजोबा? आम्ही जरा भराभर चालतो. वर गरम सूप मिळतं म्हणे." मुलीचे ओठ निळे पडले होते.

आर्मंडने तोंड उघडलं, पण ल्युसील आधी बोलली.

"अर्ध्यातून कशाला? माथ्यावरून येतोय आम्ही."

आर्मंडने तिच्याकडे पाहिलं. या डोंगरांत कोणी पुरावा मागत नाही. चढले म्हटलं की चढली. आणि म्हणूनच कोणी खोटं बोलत नाही.

"वर सूप नाही की माणूस नाही," ल्युसील सांगत होती. "दाराला कुलूप आहे. मी स्वतः हलवून पाहिलं. रस्ताही बंद. दारात कुडकुडत उभं राहायचं असेल तर जा खुशाल."

"चल ना रे, ट्रेव्हर," मुलगी म्हणाली. तिचे दात वाजत होते.

मुलाने वरच्या पांढऱ्या धुक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान डोलावली. वळता वळता त्याने सहज विचारलं, "तुमचं हे कितवं शिखर, आजी?"

"शेवटचं," ल्युसीलच्या तोंडून गेलं.

"काय सांगता! सगळी झाली?" त्याने ओली बाही मागे सारून हात पुढे केला. ल्युसीलने हातमोजा काढला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. "अभिनंदन, आजी! अगदी मनापासून!" मुलीनेही त्यावर आपला गारठलेला हात ठेवला.

मग ती दोघं पुढे झाली. आर्मंडने पुन्हा ल्युसीलच्या पाठपिशवीचा पट्टा धरला.

ल्युसीलने हातमोजा परत घातला नाही. तो उघडा हात अंगापासून जरा लांब धरून ती उतरत राहिली, दुसऱ्या कुणाची वस्तू त्याच्या घरी पोचवायला निघाल्यासारखी.