हाताची चाल

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाला.

बाईंनी बोटानं काचेवर नवऱ्याची सही केली. फोनवर लाल पट्टी उमटली.

तो मोबाइल दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि त्याच्या चिंचोळ्या दुकानाला दवाखाना. दुसऱ्याचा फोन उघडून द्यायचा नाही, हा त्याचा नेम. पण या बाई आल्या आणि म्हणाल्या, "हे तीन आठवड्यांपूर्वी घरातून निघून गेले. फोन मागे राहिला. कुठे गेले ते त्यातच कळलं तर कळेल. सासूबाईंनी अन्न सोडलंय हो."

डॉक्टर नववीत असताना त्याचे वडील असेच निघून गेले होते. ते गेलेच. त्यानं नेम गुंडाळून ठेवला.

"अक्षरं हुबेहूब आलीत," तो म्हणाला, "पण हा फोन सहीनं उघडतो तेव्हा नुसती अक्षरं बघत नाही. हात कुठे धावतो, कुठे थबकतो, कुठे जोर देतो, सगळं मोजतो. सही गिरवता येते, हाताची चाल नाही गिरवता येत. आता दोनदाच संधी आहे. त्यानंतर आतलं सगळं पुसलं जाईल."

त्यानं सरावासाठी दुकानातला टॅब पुढे केला. त्यावर प्रत्येक रेघेचा वेग दिसायचा.

"त्यांचा हात आठवा."

बाईंनी डोळे मिटले. "दुसऱ्या अक्षरानंतर थांबायचे. बोट एकदा दारात चेंगरलं होतं. शेवटची रेघ मात्र रागानं ओढल्यासारखी."

"सगळंच रागानं करायचे की काय?" डॉक्टर हसत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि पुन्हा सही केली.

चार दिवस त्या दुपारच्या येत राहिल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शेकडो सह्या केल्या. नवऱ्याला इतकं बारकाईनं पाहिलेली बायको डॉक्टरनं दुसरी पाहिली नव्हती. आपल्या आईनं असा हट्ट धरला असता तर, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

पाचव्या दिवशी फोन उघडला.

बाईंनी एक लांब श्वास सोडला. डोळे भरून आले ते डॉक्टरचेच.

"बघा ना, काय आहे आत."

"घरी जाऊन बघते," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

दोन दिवस काही कळलं नाही. डॉक्टरला राहवेना. पावतीवरचा पत्ता शोधत तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. सासूबाईंनीच दार उघडलं. हात खरकटा होता. जेवणावरून उठून आल्या होत्या.

"मी मोबाइल दुरुस्त करतो, आजी. तुमच्या मुलाचं काही कळलं का?"

"कळलं रे बाळा! परवा त्याचा मेसेज आला. सुखरूप आहे, म्हणतो, मला शोधू नका. धाकटा पोलिसांत तक्रार द्यायला निघालाच होता, जिन्यातून परत बोलावला त्याला."

"फोन... त्यांच्याकडेच आहे?"

"मग! जाताना सोबतच नेला की."

आतल्या दारात सून येऊन उभी राहिली. नुसती डॉक्टरकडे बघत राहिली.

"धाकटा आपला शंकेखोर," सासूबाई हसत म्हणाल्या. "म्हणे, दुसऱ्याच कुणी लिहिलं असेल. मी म्हटलं, वेड्या, त्याच्या हाताशिवाय तो फोन उघडतो तरी का?"