तिखट कान

करडाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मालकाने ते बुटाच्या टोकाने उलटं केलं, सुलटं केलं, मान बघितली, पोट बघितलं. रक्ताचा टिपूस नाही. रानाच्या कडेला ज्या खुंटाला ते काल संध्याकाळी बांधलं होतं, त्याच्याभोवती फिरून फिरून करडाने मातीत गोल वाट पाडली होती आणि त्या वाटेवरच ते पाय ताठ करून पडलं होतं.

"दात लावलेला नाही," मालक बायकोला म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. "नुसतं मारून गेलं."

कुंपणाला नाकं लावून उभ्या असलेल्या जनावरांनी हे ऐकलं आणि मग काय, जो तो शहाणा.

"रानातलं ते खात नाहीच मुळी," गाढव म्हणालं. "नुसतं बघतं. बघितलं की खेळ खलास."

"डोळे कंदिलाएवढे आहेत मेल्याचे," लाल कोंबडी म्हणाली. हिने जन्मात कधी उकिरड्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

हवालदार तेवढा साखळीच्या टोकाला बसून होता. हवालदार म्हणजे गोठ्यावरचा म्हातारा कुत्रा. हे नाव जनावरांनीच ठेवलेलं, आधी चेष्टेने आणि गेले पंधरा दिवस मानाने. तो आपल्या पंजांकडे बघत होता. रानात काय आहे हे अख्ख्या शेतावर फक्त त्याला ठाऊक होतं. रानात चार ससे होते आणि बाकी काही नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी मालकाने खुंटीवरची बंदूक काढली होती. "ह्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, नुसता बसून खातो," असं म्हणत नळी पुसत पुसत तो हवालदाराकडेच आला होता. हवालदाराची पाचावर धारण बसली. काही सुचेना, तेव्हा त्याने तोंड रानाकडे फिरवलं आणि जीव खाऊन भुंकला. पाठीवरचे केस ताठ उभे राहिले होते आणि ते काही सोंग नव्हतं. मालक थबकला. बंदूकही रानाकडे वळली.

"जनावराला आधी कळतं हो," मालकीण म्हणाली.

तेव्हापासून हवालदाराला दोन वेळा पोटभर, वर एक हाडूक. त्याचं भुंकणं ऐकून गाईने पान्हा चोरला, कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या, आणि ते बघून मालकाची खात्रीच पटली. कुत्रा घाबरला मालकाला, जनावरं घाबरली कुत्र्यावरून आणि मालक घाबरला जनावरांवरून. छान चाललं होतं सगळं.

काल आमिष म्हणून मालकाने शेळीच्या जुळ्यांतलं एक उचललं, तेव्हाही हवालदाराने मनाची समजूत घातली. रानात काही नाहीच, तर होणार काय? फार तर रात्रभर ओरडेल आणि सकाळी येऊन आईला लुचेल. मालक बंदूक घेऊन माळ्यावर पहाऱ्याला बसला. बसला कसला, घोरला. करडू ओरडून ओरडून दमायचं, गप्प व्हायचं की हवालदाराला वाटायचं, आता आपण भुंकलो नाही तर उद्या आपली धडगत नाही. म्हणून तो भुंकला. तीनदा भुंकला. दोन वेळा करडू किंचाळत उठलं आणि खुंटाभोवती धावत सुटलं. तिसऱ्या वेळी ते ओरडलंच नाही.

मालकाने करडू खोऱ्यावर घेतलं आणि खड्ड्याकडे निघाला. जाता जाता त्याने हवालदाराचं डोकं थोपटलं. "तू वेळेवर भुंकलास रे, मीच मेला झोपून राहिलो. म्हातारा झालास, पण कान तिखट आहेत तुझे."

उन्हं कलल्यावर दुसऱ्या करडाला हळूहळू ढुशा देत शेळी हवालदारापाशी आली.

"दादा, काल तू भुंकत होतास ना, तेव्हा मला धीर येत होता. म्हटलं, माझं बाळ अगदीच एकटं नाही."

हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "शेळीबाई, समजा... रानात काही नसलंच तर?"

"नसलंच तर?" शेळी एकदम उसळली. "मग माझं लेकरू कशाने मेलं?"

उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"हे एवढं तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "मला आता दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

करडू बिचारं मुकाट्याने येऊन त्याच्या पुढच्या पायांपाशी बसलं. त्याच्या अंगाला अजून दुधाचा वास येत होता.

तेवढ्यात मालक बाहेर आला. एका खांद्यावर बंदूक, दुसऱ्यावर कालचीच दोरी. त्याने रानाकडे बघितलं, करडाकडे बघितलं आणि मग हवालदारापुढे येऊन उभा राहिला.

"काय रे, आहे का आज?"

नाही म्हणायला फक्त गप्प बसायचं होतं. शेळी विश्वासाने त्याच्याकडे बघत होती. मालकाने वाट बघता बघता बंदूक खांद्यावरून उतरवली आणि हातात धरली.

हवालदाराने रानाकडे तोंड केलं आणि भुंकला.

करडू दचकलं आणि त्याच्याच पोटाखाली शिरलं.