खुर्च्यांची मोजणी

चंदीगडच्या एका आयटी कंपनीत कोणती जागा ठेवायची आणि कोणती सोडायची, हे आता एआय ठरवतं. खुर्च्यांखाली बसवलेल्या सेन्सरवरून त्याने तळमजल्यावरची मोठी खोली रिकामी ठरवली. तिथे कर्मचाऱ्यांच्या वीस मुलांचं पाळणाघर आहे.

"काकू, महिनाअखेर ही जागा सोडतोय. सहा महिन्यांत इथे कोणी बसलेलंच नाही," मॅनेजर अंबरीश पाळणाघराच्या सुहासिनीबाईंना म्हणाला. दोन मुलं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

"मग ही कोण?"

"ती सतरंजीवर बसतात ना. सिस्टीम खुर्च्या मोजते. डेटा पक्का आहे, काकू."

न समजणाऱ्या मुलाला सुहासिनीबाई दहादा समजावत. अंबरीशला त्यांनी एकदाही समजावलं नाही. तो गेल्यावर त्या मुलांना म्हणाल्या, "उद्यापासून प्रत्येकाने आपलं दप्तर खुर्चीवर ठेवायचं."

"और हम, आजी?"

"तुम्ही खालीच, माझ्याजवळ."

महिनाअखेर एआयचा नवा अहवाल आला. अंबरीशने तो न वाचताच सगळ्या कंपनीला पाठवला.



"तळमजल्याची जागा सोडू नये. तेथील वीस कर्मचारी नऊ ते एक जागेवरून हलतही नाहीत. सर्व व्यवस्थापकांनी त्यांचा आदर्श घ्यावा."