तू म्हणशील तसं

समुपदेशक श्रुतीने अरविंदरावांना एकट्यालाच आत बोलावलं. तारामतीबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या.

"काकू माझ्याशी फारसं बोलत नाहीत," श्रुती म्हणाली. "घरी कशा असतात?"

अरविंदरावांनी सांगितलं. कॅन्सरचे उपचार संपले होते. नवा रिपोर्ट चांगला आला होता, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून तसं सांगितलंही होतं. तरी तारामतींना जेवण जात नव्हतं. चांगल्या चांगल्या साड्या त्या भाचीला देऊन टाकत होत्या.

"आणि मी तर तिला फुलासारखं जपतो," ते म्हणाले. "वकील माणूस मी. कोर्टात वाद घालायचो त्याहून जास्त घरात. आमचं रोज कशावरून तरी वाजायचं. पण आजार कळला तेव्हापासून तिचा एक शब्द खाली पडू दिला नाही. तू म्हणशील तसं, एवढंच बोलतो."

श्रुतीने समोरची फाईल मिटली.

"काका, आता पूर्वीसारखं बोलून बघा ना."

बाहेर पडून नवराबायको रिक्षात बसले. नारायणगुड्याला घरी जायचं होतं. "आबिड्ससे चलो भाई," तारामती म्हणाल्या.

अरविंदरावांनी घसा खाकरला.

"आबिड्सवरून कशाला? या वेळेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. हिमायतनगरवरून जाऊ."

तारामतींनी वळून पाहिलं. "तो लांबचा फेरा आहे."

"कुणी सांगितलं? मी या शहरात जन्मलो. तू नांदेडहून आलीस."

"आले त्याला जन्म लोटला. रस्ते मलाही कळतात."

"कळतात, पण उलटे."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. "पहले फैसला कर लेव, साब."

तारामतींचे ओठ थरथरायला लागले. त्यांनी पदर तोंडाशी धरला. कुठून त्या श्रुतीचं ऐकलं, असं अरविंदरावांना होऊन गेलं. ते माफी मागणार, तोच तारामतींनी त्यांचा हात घट्ट धरला.

"मला वाटत होतं, डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला काहीतरी वेगळं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी खरंच बरी झालेय?"